अर्थ मिळत नाही

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून गाडी उताराला लागली, डाव्या लेनमध्ये यावं म्हणून मी इंडिकेटर दिला, आणि डॅशबोर्डच्या आत कुणीतरी टाइपरायटरवर तातडीचा राजीनामा लिहायला बसावं तसा आवाज सुरू झाला. टकटकटकटकटक.

"हे काय, जावईबापू?" अण्णांनी विचारलं.

"इंडिकेटर."

"असा? घाईत दिसतोय."

अण्णा म्हणजे माझे सासरे. चिपळूण आगारात एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झाले, पण ते फक्त स्टिअरिंगवरून. त्यांना शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत बसवून त्याच्या पानात वाढणं. तो बोलत काही नाही, नुसता पळीकडे बघतो. मी वळण घेतलं की अण्णांचा उजवा पाय समोरच्या पायपुसण्यावर दाबला जातो, आणि गाडी माझ्या ब्रेकनं थांबली तरी ते सुस्कारा असा सोडतात, की श्रेय पायपुसण्याकडे जावं.

जूनचा शेवटचा आठवडा होता. गुहागरच्या घराची कौलं पहिल्याच पावसात सरकली होती आणि आपण स्वतः जाऊन खाली उभं राहून ओरडल्याशिवाय ती जागेवर बसणार नाहीत, असं अण्णांचं म्हणणं होतं. कुंभार्ली घाट, पाऊस, धुकं. हे शब्द मी चुकून बहिणीच्या घरी उच्चारले आणि भाच्यानं कान टवकारले.

भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यामुळे त्याला कुठलीही वस्तू उघडता येते. "मामा, तुमच्या गाडीचे दिवे म्हणजे देवघरातली समई," तो म्हणाला, आणि रविवारी सकाळी एक खोकं घेऊन हजर झाला. संध्याकाळपर्यंत माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीला पुढे दोन पिवळे फॉगलॅम्प, मागच्या इंडिकेटरमध्ये एलईडी बल्ब आणि डिकीच्या कडेनं ब्रेकबरोबर पेटणारी एक लाल पट्टी बसली होती. पट्टी पेटली की सोसायटीच्या भिंतीवर पहाट व्हायची. वॉचमन उठून उभा राहिला. खर्च झाला चार हजार, आणि शेवटी दोन स्क्रू उरले. "कंपनी जास्तीचेच देते, मामा," असं म्हणून ते त्यानं माझ्या तळहातावर ठेवले, प्रसादासारखे.

तर टकटक. मागच्या सीटवरून बायकोनं घड्याळ लावून मोजलं. अठ्ठावीस वर्षं सहकारी बँकेत काढल्यामुळे मोजल्याशिवाय ती कशावर मत देत नाही. "पंधरा सेकंदांत सदतीस," ती म्हणाली. म्हणजे मिनिटाला 148. नियमाप्रमाणे इंडिकेटरनं मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकावं. माणसाची नाडी 148 झाली तर आपण डॉक्टरकडे नेतो. आम्ही शिरवळला बाजूला घेतलं.

'सेल्फ, डायनामो, वायरिंग, एसी' असा बोर्ड असलेल्या टपरीतल्या पोरानं डिकी न उघडताच निदान केलं. "एलईडी टाकलाय ना, काका?" त्यानं जे सांगितलं ते माझ्या भाषेत असं. साधा इंडिकेटरचा बल्ब 21 वॅटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर करंट खाणारा. फ्लॅशरला त्याच्या भुकेचा अंदाज असतो. एलईडी बसवला की मागणी एकदम पाव अँपिअरवर येते. फ्लॅशरला वाटतं, एक बल्ब गेला. मग ड्रायव्हरला कळावं म्हणून तो जोरजोरात टकटक करायला लागतो. म्हणजे बिचारा बिघडलेला नव्हताच. घरात एक माणूस जेवायला आला नाही म्हणून ताटं वाजवत होता.

"आमच्या वेळच्या फ्लॅशरमध्ये तापून वाकणारी पट्टी असायची," अण्णा म्हणाले. "बल्ब गेला की तो मंदावायचा किंवा गप्पच व्हायचा. दुखवटा पाळायचा. हे नवीन लोक बोंब मारतात."

यावर उपाय दोन. एक, फ्लॅशर बदलून एलईडी ओळखणारा घालायचा. तो शिरवळला नव्हता. दुसरा उपाय पोरानं खिशातून काढून दाखवला. अॅल्युमिनियमच्या, सोनेरी रंगाच्या, कडेनं खाचा पाडलेल्या दोन वड्या. सहा ओहमचे रेझिस्टर. हे बल्बच्या जोडीनं तारेला लावायचे, म्हणजे ते फुकटचे दोन अँपिअर खातात आणि फ्लॅशरला वाटतं, आला वाटतं जेवायला. "फ्लॅशर फसतो," पोरगं खुशीत म्हणालं. उजेड वाचवणारा दिवा घ्यायचा आणि वाचलेला करंट जाळण्यासाठी वेगळी वडी विकत घ्यायची, हा हिशेब बायकोनं दोनदा विचारून घेतला आणि मग खिडकी वर केली. पोरानं वड्या डिकीत आतल्या बाजूला पत्र्यावर स्क्रूनं आवळल्या. "प्लॅस्टिकला लावायच्या नसतात, लय तापतात," एवढं मात्र त्यानं बजावलं. आम्ही ते ऐकलं आणि विसरलो.

टिक… टिक… टिक. काय तो आवाज! खंबाटकीच्या चढाला लागेपर्यंत मी विनाकारण दोनदा लेन बदलली.

घाटात पुढे ट्रक होता. त्यानं उजवा इंडिकेटर दिला. मी ब्रेक मारला, तो उजवीकडे येणार म्हणून.

"थांबलात का?" अण्णा म्हणाले. "तो तुम्हाला जा म्हणतोय."

"उजवा दिला त्यानं."

"म्हणजेच जा. माझ्या उजवीकडून जा."

"आणि त्यालाच उजवीकडे यायचं असेल तर?"

"तरी उजवाच देईल."

"मग कळायचं कसं?"

अण्णांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला एसटीचं लायसन्स कधीच मिळालं नसतं. "चेहऱ्यावरून," ते म्हणाले. ट्रकचा चेहरा मला मागून दिसत नव्हता. ब्युइक गाड्यांना 1939 साली लुकलुकणारे इंडिकेटर आले तेव्हा अमेरिकेत कुणाच्या स्वप्नातही नसेल, की पुढे कुणीतरी चारही एकदम लावून 'मी चौकातून सरळ जातोय' असं जाहीर करील. आपल्याकडे हे रोज चालतं. त्याला आपण 'पार्किंग लावणं' म्हणतो आणि ते लावून भरधाव जातो.

साताऱ्याला बायपासवर कंदी पेढे घेतले. दोन किलो, पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत, वर प्लॅस्टिकची पिशवी. डिकीत डाव्या कोपऱ्यात नीट टेकून ठेवले, घसरू नयेत म्हणून.

उंब्रजला महामार्ग सोडायचा होता. मी सुज्ञ नागरिकासारखा आधी इंडिकेटर दिला, टिक टिक ऐकली, वेग कमी केला आणि सर्व्हिस रोडकडे डावीकडे वळलो. मागून असा हॉर्न आला की अण्णांनी पायपुसणं दोन्ही पायांनी दाबलं. एक टेम्पो पाठीला चाटून उजवीकडून गेला आणि जाताना ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "दिवा लावायला पैसं पडत्यात का?"

"लावला होता!" मी ओरडलो. टिकटिक अजून चालूच होती. तो मात्र गेला होता, त्याचं सत्य बरोबर घेऊन.

पुढच्या पंचवीस किलोमीटरात हे दोनदा झालं. प्रत्येक वेळी डावीकडेच. प्रत्येक वेळी आतून टिकटिक तालात आणि मागून शिव्या. अण्णांनी काच खाली केली आणि डावा हात बाहेर काढून ठेवला. "इंडिकेटर नव्हते तेव्हा असंच होतं," ते म्हणाले. खरं तर नियमात हात ड्रायव्हरचा असतो, उजवा. डावीकडे वळायचं तर तो बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. जुन्या मॉरिसच्या दाराशेजारच्या खांबातून तर गाडीचा स्वतःचा छोटा हात बाहेर यायचा. शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी हात काढावा, अशी तरतूद कुठेच नाही. पाटणपर्यंत अण्णांची बाही खांद्यापर्यंत ओली झाली आणि एका एसटीनं, थांबवतायत असं समजून, आमच्या मागे गाडी उभी केली.

पाटणचा इलेक्ट्रिशियन मोठा धडाडीचा होता. त्यानं आधी दिव्यावर बुक्की मारली. मग टेस्ट लॅम्प काढला. एका होल्डरमधला बल्ब, त्याच्या एका तारेला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावला आणि सुई एकेका पॉइंटला टोचत गेला. "इंडिकेटर लावा. करंट येतोय. हेडलाइट लावा. येतोय. ब्रेक दाबा." मी दाबला. मागे भाच्याची लाल पट्टी धाडकन पेटली आणि सगळा अड्डा तांबडा झाला. दोघं म्हशीवाले थांबून बघायला लागले. त्या उजेडात डावीकडचा मूळचा ब्रेकचा दिवा लागलाय की नाही, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. "सगळीकडं करंट हाय, सायेब. गाडी येकदम ओके. मागचीच लोकं आंधळी हायेत." शंभर रुपये घेतले. त्यातले पन्नास बहुधा बुक्कीचे.

बायको गप्प होती. बँकेत दिवसाच्या शेवटी दोन रुपयांचा फरक निघाला की ती अशीच गप्प होते, असं तिच्या साहेबांनी निरोपसमारंभात सांगितलं होतं.

कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा ती छत्री घेऊन गाडीमागे जाऊन उभी राहिली. "डावा लावा." लावला. "लागला." मी गाडी पुढे घेतली. रस्ता तिथे उताराचा आहे आणि आमचा हँडब्रेक म्हणजे नुसता दिलासा आहे, म्हणून पायानं ब्रेक धरून ठेवला. "आता लावा!" "लावलाय!" "नाही लागला!" "टिकटिक येतेय!" "तुम्ही टिकटिक ऐका, मी दिवा बघतेय!" मग तिनं पर्समधून एक लग्नपत्रिका काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले. त्या पत्रिकेवर ती पुढचा अर्धा तास काहीबाही लिहीत होती. पाऊस पडत होता आणि शाई थोडी पसरली होती, पण फुल्या वाचता येत होत्या.

घाटमाथ्यावर धुकं असं उतरलं की बॉनेट दिसेना. फॉगलॅम्प पेटले, हे भाच्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. पुढचं धुकं पांढरं होतं ते पिवळं झालं. मी पार्किंग लावलं, म्हणजे चारही इंडिकेटर.

"हे बंद करा," अण्णा म्हणाले. "चालत्या गाडीत पार्किंग लावलं तर वळताना काय सांगणार?"

"अण्णा, घाटात मी रस्ता सांगेल तिकडेच वळणार."

उतार सुरू झाला. पाय ब्रेकवरून उठेना. आणि मग चमत्कार व्हायला लागले. मागून एक ट्रक आला, थोडा वेळ मागे राहिला आणि मग धुक्यात, वळणावर, हॉर्न न देता उजवीकडून खुशाल पुढे निघून गेला. जाताना क्लीनरनं हात हलवला. मग दुसरा. तोही हात हलवून गेला. तिसरा तर आभार मानल्यासारखा दोनदा हॉर्न वाजवून गेला.

"फार प्रेमळ घाट आहे," मी म्हणालो. माझे हात थरथरत होते.

"थांबा!" मागून बायको ओरडली. "तुम्ही ब्रेक दाबला की डावा दिवा जातो! मागे नुसता उजवाच लुकलुकतोय!"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे घाट उतरताना," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही प्रत्येक ट्रकला 'या, पुढे जा' म्हणताय."

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या शांततेत मला वास आला. आधी वाटलं, ब्रेक. मग वाटलं, फॉगलॅम्पची वायर. पोफळीला टपरीशी गाडी लावून डिकी उघडली तर पिशवी वितळून खोक्याला चिकटली होती, खोक्याला कोपऱ्यात तपकिरी भोक पडलं होतं, आणि त्या भोकातून सोनेरी वडी पेढ्यांना टेकली होती. पाऊण तास पार्किंग चालू होतं. बारा व्होल्ट, सहा ओहम, म्हणजे पेटलेल्या प्रत्येक क्षणाला चोवीस वॅट, सगळे पेढ्यात. कंदी पेढा मुळातच खरपूस भाजलेला असतो म्हणून बरं. अण्णांनी त्या कोपऱ्यातला एक उचलून खाल्ला. "हा जास्त चांगला झालाय," ते म्हणाले.

चहा येईपर्यंत बायकोनं लग्नपत्रिका टेबलावर ठेवली.

"ब्रेक दाबला नाही तर इंडिकेटर लागतो. ब्रेक दाबला की जातो, आणि त्याच वेळी डावीकडचा ब्रेकचा दिवाही लागत नाही, नुसता बारका लाल मिणमिणतो. हेडलाइट लावून ब्रेक दाबला तर तोही जातो, डावी बाजू सगळी काळोख. बरोबर? आता बघा. त्या दिव्यात तीन खाती आहेत. तिन्हीत पैसे येतायत, ते पाटणवाल्यानं बघितलं. पण पैसे परत जायला तिघांना मिळून एकच खिडकी आहे आणि ती बंद आहे. म्हणून इंडिकेटरचा करंट गुपचूप ब्रेकच्या आणि लाल दिव्याच्या खात्यातून उलटा बाहेर जातोय. ती खाती रिकामी असतील तोवर चालतं. ब्रेकच्या खात्यात पैसे आले की तो रस्ता तुंबतो. तिन्ही खाती भरली की कुणालाच बाहेर पडता येत नाही."

मी अवाक झालो. अण्णा पेढा चघळायचे थांबले.

"पण फ्लॅशर का बोलला नाही मग?" मी विचारलं. "दिवा गेला तर त्यानं टकटक करायला हवी."

"त्याला वडी दिलीत ना शिरवळला," ती म्हणाली. "वडी खातेय तोवर तो कशाला बोलेल?"

आम्ही बसलो होतो तिथून जवळच, डोंगराच्या पोटात, कोयनेचं भूमिगत वीजगृह आहे. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता 1,960 मेगावॅट. लग्नपत्रिकेच्या उरलेल्या कोपऱ्यात मी भागाकार केला. 21 वॅटचे नऊ कोटी तेहेतीस लाख बल्ब. आणि त्याच्या उंबऱ्यावर बसून आमचा एक लागत नव्हता.

चिपळूणला पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. अण्णांनी आगारामागच्या गल्लीत एका दुकानाशी नेलं. दुकान म्हणजे खांबावरचा पत्रा. म्हातारा इलेक्ट्रिशियन चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधून बसला होता. अण्णांना त्यानं वर न बघता ओळखलं, खोकल्यावरून. बायकोनं त्याच्यापुढे लग्नपत्रिका धरली. त्यानं पुढची बाजू वाचली. "लग्न झालं की हे," तो म्हणाला. मग उलटून मागची बाजू वाचली, फुल्यांवरून बोट फिरवलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "वहिनी, तुम्ही कुठे काम करत होतात?"

त्याच्याकडेही टेस्ट लॅम्प तोच होता, पाटणवाल्यासारखा. फक्त यानं चिमटा पत्र्याला लावला नाही. लाल तारेला लावला, जिथे करंट आहे तिथे, आणि सुई डाव्या दिव्याच्या काळ्या तारेला टोचली. टेस्ट लॅम्प पेटला नाही. सुई काढून पत्र्याला टेकवली. पेटला. पुन्हा काळ्या तारेला. नाही.

"अर्थ मिळत नाही," तो म्हणाला.

"मलाही सकाळपासून," मी म्हणालो.

त्यानं डिकीचं अस्तर बाजूला केलं. आत पत्र्यावर एक स्क्रू होता, आणि त्याच्याखाली भाच्याच्या लाल पट्टीची काळी तार ऐटीत बसली होती, वॉशरसकट. जिचा तो मूळचा स्क्रू, ती दिव्याची काळी तार तिथून उठवली गेली होती. टोकाला कडी असलेली ती बिचारी अस्तरामागे मोकळी लोंबत होती. नव्या सुनेनं पाट घेतला आणि सासूबाई दाराशी उभ्या. मी खिशात हात घातला. भाच्यानं दिलेले दोन स्क्रू अजून तिथेच होते.

म्हाताऱ्यानं पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, कडी घासली, माझ्या स्क्रूंपैकी एक घेतला आणि शेजारच्या भोकात आवळला. पाच मिनिटांचं काम. मी ब्रेक दाबला, हेडलाइट लावले, डावा इंडिकेटर दिला. मागच्या भिंतीवर लाल आणि पिवळा उजेड आपापल्या जागी पडला. सोनेरी वड्या त्यानं उजव्या हाताला, सामानापासून दूर हलवल्या आणि पुण्याला जाऊन फ्लॅशरच बदला म्हणून सांगितलं.

"हल्ली सगळे करंट बघतात," हात पुसत तो अण्णांना म्हणाला. "अर्थ कोण बघत नाही."

"किती झाले?" मी विचारलं.

"पन्नास द्या. आणि ते पेढे कसले? वास चांगला येतोय."

गुहागरचा रस्ता रात्रीचा मोकळा होता. मी वळणावळणाला ब्रेक मारत होतो आणि मागे बघत होतो. मागे कुणीही नव्हतं. सुपारीच्या बागांवर पिवळा उजेड लुकलुकत जायचा, एखादं कुत्रं उठून बघायचं. इतका चांगला इंडिकेटर आणि दाखवायला एक ट्रक नाही, याची खंत वाटत होती. अण्णा पहिल्यांदाच पाय दुमडून स्वस्थ बसले होते.

गावात शिरलो. ओळखीची गल्ली आली. मी भरपूर आधी डावा इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला, आरशात डावीकडची जांभ्याची भिंत पिवळी होताना मन भरून पाहिली, आणि डौलात वळून एका अंगणात गाडी उभी केली. हेडलाइटमध्ये तुळशीवृंदावन दिसलं. ते काही मला ओळखीचं वाटेना. ओटीवरचा दिवा लागला आणि एक गृहस्थ पंचा गुंडाळत बाहेर आले.

"जावईबापू," अण्णा म्हणाले, "आपलं घर उजवीकडे आहे."